आमच्या घरी लाईन कमी येते

प्रेस त्याच्या पायावर पडली आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

मेडशीहून सकाळची एसटी गच्च भरलेली. एका हातानं वरचा दांडा धरून मी उभी, खांद्यावर पर्स, दुसऱ्या हातात कापडी पिशवी आणि पिशवीत आमच्या घरची बिघडलेली इस्त्री. आमच्याकडे इस्त्रीला सगळे प्रेसच म्हणतात. रस्त्यात म्हैस आडवी आली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला, माझ्या हातातली पिशवी सुटली ती थेट शेजारी उभ्या असलेल्या मुलाच्या पायावर.

"अव माय! लागलं का हो?"

"नाई..." डोळ्यांत पाणी आलेलं, तरी तो हसत होता. "थंडी होती म्हून वाचलो. गरम असती तं पायालेच इस्त्री होऊन गेली असती."

"गरम होत नाही म्हणून तं नेऊन राह्यली दुरुस्तीले."

त्यानं वाकून पिशवी उचलली, प्रेस बाहेर काढली, कानाशी धरून हलवली. आणि मग हळूच माझ्याकडे बघितलं. "कॉइल गेली हिची."

"कानानं समजते तुमाले?"

"काही काही गोष्टी कानानं समजते... काही डोळ्यानं."

आगाऊच दिसतो, असं मी मनात म्हटलं. पण उतरेपर्यंत पिशवी त्याच्याच हातात राहिली आणि मीही ती मागितली नाही.

त्याचं नाव अमरदीप. गाव किन्हीराजा, मेडशीला मावशीकडे आला होता. आयटीआय वायरमन झालेला आणि मालेगावला ज्ञानचंदशेठच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाबाहेर, ओट्यावर टेबल टाकून बसायचा. मिक्सर, पंखे, प्रेस, काय येईल ते दुरुस्त करायचा. मी योगिनी. बी.एस्सी. फिजिक्स, त्याच चौकाच्या पुढच्या गल्लीतल्या ट्यूशन क्लासमध्ये नववी-दहावीला विज्ञान शिकवते. म्हणजे इतके दिवस आम्ही हाकेच्या अंतरावर होतो, आणि ओळख व्हायला म्हैस आडवी यावी लागली.

"उद्या या मॅडम, होऊन जाईल," तो म्हणाला.

उद्या गेले. "कॉइल अकोल्याहून याची हाय. उद्या या."

परवा गेले. "कॉइल आली, पण स्क्रूले गंज चढला. उद्या या."

नंतर नंतर तर कारणंही राहिली नाहीत. "हिचा जीव लागला बाप्पा आमच्या ओट्यावर. उद्या या ना..."

मी कपाळाला आठ्या घालायचे, पण क्लास सुटल्यावर पाय आपोआप त्या ओट्याकडे वळायचे. तो स्टूल पुसून द्यायचा. सोल्डरिंगचा तो राळेचा वास यायचा, आणि खरं सांगते, मला तो अत्तरापेक्षा आवडायला लागला होता. केसाला नवी क्लिप लावायला लागले. आई विचारायची, "काहून वं, क्लासात काही कार्यक्रम हाय का?"

"आज काय शिकवलं मॅडम?" एकदा त्यानं मान वर न करता विचारलं.

"ओहमचा नियम."

"तो आमाले बी होता. व्होल्टेज भागिले करंट, आला रेझिस्टन्स."

"अन् रेझिस्टन्स म्हणजे?"

"अडथळा." आता त्यानं मान वर केली. "पण एक सांगू? प्रेसची गरमी त्या अडथळ्यानंच तं येते. अडथळा नसला तं तार नुसतीच थंडी. म्हून मी म्हणतो, एखादं काम लवकर होत नसल तं उशीर होऊ द्यावा... काय?"

मी पर्समध्ये उगाच काहीतरी शोधायला लागले.

शेवटी एक दिवस प्रेस मिळाली. मीच हट्ट धरला, कारण वाशिमला एका शाळेत माझी मुलाखत होती आणि आईची अबोली रंगाची सुती साडी कडक इस्त्री करून नेसायची होती. त्यानं पाण्याचे दोन थेंब शिंपडून दाखवले, ते चुरचुरले. प्रेस देताना त्याचा चेहरा इतका उतरला, की जशी काही त्याचीच वस्तू मी उचलून नेत होते.

आणि मुलाखतीच्या सकाळी घरी ती प्रेस तापेना! कोमट. हात ठेवला तर ठेवता येईल इतपत. घासघास घासली, साडीची एक सुरकुती हलली नाही. तशीच नेसून गेले. तिथल्या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "एसटीनं आलात वाटतं?" बाकीचे दोघे हसले. पुढचं मला काही आठवत नाही. उत्तरं येत असूनही तोंडातून फुटली नाहीत. सारखा पदर पुढे ओढून सुरकुत्या झाकत राहिले, एवढंच आठवतं.

परतीच्या एसटीत माझ्या संतापाला धरबंध उरला नाही. कारण अमरदीप आवडत होता. आवडत नसता तर दोन शिव्या घालून विसरले असते.

क्लासमध्ये मुलांना दाखवायला एक मीटर आहे. वायरीला त्याचा चिमटा लावला की करंट कळतो. ते घरी आणलं, सकाळी प्रेस लावली, मोजलं. दोन पॉइंट दोन अँपिअर. प्रेसवर छापलंय सातशे पन्नास वॅट. सातशे पन्नासच्या प्रेसनं सव्वातीन अँपिअर तरी घ्यायलाच हवा. हातच्या काकणाला आरसा कशाला?

त्याच दिवशी ओट्यावर गेले. दुकानात गर्दी, समोर भाजीवाल्या बसलेल्या. त्यानं मला बघून नेहमीसारखा स्टूल पुढे सरकवला. मी प्रेस टेबलावर आदळली आणि पर्समधून खडू काढला. मास्तरीणबाईंच्या पर्समध्ये लिपस्टिक नसेल, खडू असतोच. दुकानाच्या दाराच्या हिरव्या फळीवर मोठ्या अक्षरात लिहिलं.

२३० × २.२ = ५०६

"वाचा! व्होल्टेज दोनशे तीस. करंट दोन पॉइंट दोन. गुणाकार केला तं पाचशे सहा वॅट. सातशे पन्नासच्या प्रेसमधले बाकीचे अडीचशे वॅट कुठी गेले? हलकी कॉइल टाकली, अन् वरून रोज उद्या या, उद्या या! खोटारडे हा तुमी! पक्के खोटारडे!"

सगळा चौक बघत होता. तो काहीतरी बोलेल, भांडेल, असं मला वाटलं. पण 'खोटारडे' म्हटल्याबरोबर त्याचे कान लालबुंद झाले. मान खाली गेली.

"...बदलून देतो," एवढंच म्हणाला.

चोराच्या मनात चांदणं! मी मान ताठ करून निघाले. मागून ज्ञानचंदशेठचा आवाज आला. "अमरदीप, हे काय आहे? वडिलांपासूनची दुकानदारी आहे आपली. आजपर्यंत फळीवर कोणी असं काही लिहिलं नाही."

दुसऱ्या दिवशी ओट्यावर टेबल नव्हतं. स्टूल नव्हता. फळीवर माझं गणित मात्र जसंच्या तसं होतं.

"शेठनं उठवलं त्याले," धम्मदीपा म्हणाली. ती आमच्या क्लासमध्ये गणित शिकवते आणि माझी मैत्रीण आहे. "दुकानाचं नाव खराब झालं म्हणतात. गिऱ्हाईक येते अन् ते वाचूनच वापस जाते. तो गावी गेला, किन्हीराजाले."

"बरं झालं," मी म्हणाले. म्हणाले खरी, पण त्या दिवशी फळ्यावर लिहिताना खडू सारखा मोडत होता.

आणि मग त्या रविवारी सकाळी बाबा अंगणातून ओरडले. "योगे, ते मीटर हाय ना तुयापाशी? पाह्य बरं लाईन किती येऊन राह्यली. मोटर नुसती घुंगुं करते, पाणी उचलतच नाही."

आमच्या गावात विजेला लाईन म्हणतात. लाईन आली, लाईन गेली, लाईन कमी झाली. मी मीटरच्या दोन्ही सुया बोर्डात घातल्या.

एकशे पंचावन्न.

"किती?" बाबांनी विचारलं.

"एकशे पंचावन्न."

"मंग बरोबर हाय. हरभऱ्याले पाणी सुरू झालं. सकाळून साऱ्या शिवारातल्या मोटरी चालू असते. दरसालचं हाय हे, तुले काय मालूम नाही?"

मालूम होतं. लहानपणापासून मालूम होतं! हरभऱ्याचं पाणी सुरू झालं की आमच्या घरचा बल्ब पिवळा पडतो, मिक्सर रडतो, आणि आई म्हणते चटणी पाट्यावरच वाटू. हे सगळं जन्मापासून बघितलेली मी, बी.एस्सी. फिजिक्स, करंट मोजला आणि व्होल्टेज मोजलंच नाही. पुस्तकात दोनशे तीस लिहिलंय म्हणून आमच्या मेडशीतही दोनशे तीस धरून मोकळी झाले.

तिथेच उभ्या उभ्या मनात भागाकार केला. एकशे पंचावन्न भागिले दोन पॉइंट दोन... सत्तर आणि वर थोडं. आता दोनशे तीस व्होल्टला सातशे पन्नास वॅट देणारी कॉइल किती ओहमची हवी? सत्तर आणि वर थोडं. तंतोतंत तीच. कॉइल अस्सल होती. कमी होती ती लाईन. त्या कमी लाईनीत बिचारी प्रेस साडेतीनशे वॅटही देत नव्हती, मग साडी काय कपाळ कडक होणार?

"काय झालं वं? करंट लागला का?" बाबांनी विचारलं, कारण मी मटकन खाली बसले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. तेही भर चौकात, फळीवर लिहून, अक्षर वळणदार काढून! वाशिमला मला हसले ते फक्त एका खोलीत. मी त्याचं हसं केलं ते सगळ्या मालेगावसमोर. आणि तो मान खाली घालून 'बदलून देतो' म्हणाला होता. ते आठवलं की तोंडातला घास फिरायचा.

त्यानंतर स्टँडवर उतरले की तोंडाला ओढणी गुंडाळायचे आणि चौक चुकवून मागच्या गल्लीनं क्लासला जायचे. वर्गात ओहमचा धडा पुढे सरकेना. पोरींनी विचारलं, "मॅडम, तुमाले बरं नाही का?" कोणत्या तोंडानं सांगू?

शेवटी धम्मदीपाला सगळं सांगितलं. ती आधी हसली, मग माझं तोंड बघून म्हणाली,

"फोन करून माफी मागून टाक ना."

"बोलली कुठी? चौकात. मग माफी फोनवर कशी वं?"

"मग चौकातच माग. बाजाराच्या दिवशी तो हत्यारं न्याले येणार हाय, शेठ सांगत होते. पण पाह्य बाप्पा... गर्दी राहील."

गर्दीतच तर हवं होतं. आणि गर्दीचीच भीती वाटत होती.

बाजाराच्या दिवशी तो खरंच आला. ओट्यावर बसून तो स्क्रू ड्रायव्हर, पकडी एकेक करून पिशवीत भरत होता. बाजूला माझी प्रेस, वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेली. समोर मेथीच्या जुड्या, वांगी, माणसंच माणसं. मी ओढणी तोंडावरून काढली. त्यानं बघितलं आणि पटकन उभा राहिला.

"मॅडम, मी आणूनच देणार होतो... कॉइल नवी टाकली. चांगल्या कंपनीची. तरी काही असल तं..."

मला रडूच आलं. तशीच फळीकडे गेले. ओढणीच्या टोकानं आधीचं सगळं गणित पुसलं, पर्समधून खडू काढला. अक्षर पहिलीतल्या पोरासारखं आलं.

१५५ ÷ २.२ = ७०

"शेठ! बाहेर या ना जरा. अन् तुमी सगळे, त्या दिवशी ऐकलं होतं ना, आज बी ऐका!" माझा आवाज चिरकला. मेथीवाली मावशी तराजू हातात धरून थांबली. "यांनी हलकी कॉइल टाकली, असं मी बोलली होती. ते खोटं होतं. सत्तर ओहमचीच पाहिजे होती अन् सत्तरचीच होती! मी व्होल्टेज मोजलंच नाही. यांची काहीच चूक नाही. यांच्या कामात काहीच कमी नाही. कमी हाय ते आमच्याकडे..."

आणि मग, देवा रे, मी जिवाच्या आकांतानं ओरडले, "आमच्या घरी लाईन कमी येते!"

मेथीवाली मावशी म्हणाली, "आयकलं का रे अमरदीप? पोट्टी म्हणते, लाईन कमी पडून राह्यली. जरा जास्त दे ना बापू!"

जो काही हशा पिकला! वांगीवाला हसून हसून बसला. मागून कोणीतरी शिट्टी मारली. मला तेव्हा कळलं मी काय बोलले ते. धरणी पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात ना, अगदी तसं. माफी मागायला आले आणि नवीनच शोभा करून घेतली. ओढणी पुन्हा तोंडावर घ्यावी म्हटलं, तर तिला खडू लागलेला.

"ओ मावशी, हसता कायले?" अमरदीप मोठ्यानं म्हणाला. तो ओट्यावरून उतरून माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. त्याचे कान पुन्हा तसेच लाल. "त्यांनी चूक सांगितली. आता माह्यी बी ऐकून घ्या."

हशा थांबला.

"मॅडम, तुमी खोटारडा म्हणाल्या... ते बरोबर होतं."

"म्हणजे? कॉइल..."

"कॉइलचं मले बी मालूम नव्हतं. वाटलं, डुप्लिकेट आली असल. मोजून पाह्याचं सुचलंच नाही. पण प्रेस... पयल्याच दिवशी झाली होती. सांजच्याले. गंज नव्हता अन् काही नव्हतं. रोज उद्या या म्हणत होतो, ते... तुमी उद्या याव्या म्हून. तुमी चौकात खोटारडा म्हणाल्या, मले वाटलं सापडलो. लाजेनं तोंडच उघडलं नाही माह्यं."

म्हणजे इतके दिवस मी त्याच्या लाजेनं मरत होते आणि तो माझ्या!

"पयल्याच दिवशी?" मी हळू विचारलं.

"पयल्याच."

"अन् मी रोज क्लिप लावून येत होती..."

"पाह्यलं ना. निळी चांगली होती."

ज्ञानचंदशेठ खाकरले. तेही जरा ओशाळलेले दिसत होते. "बेटा, तूही मोजलं नाहीस, यानंही मोजलं नाही. आणि मी तर वाचूनच याला उठवलं. मोजायला मलाही काय झालं होतं, दुकानात पन्नास मीटर पडलेत. अमरदीप, टेबल आतच ठेवलंय. काढ बाहेर. आणि ते फळीवरचं राहू दे, पुसू नको. गिऱ्हाइकं वाचतील."

टेबल बाहेर आलं. स्टूलही आला. त्यानं तो पुसला, नेहमीसारखा, पण आज जरा जास्तच वेळ. मेथीवाली मावशी जुड्या विकता विकता सारखी आमच्याकडेच बघत होती.

"योगिनी," तो म्हणाला. मॅडम नाही. पहिल्यांदाच. "तुमच्या घरची लाईन काही मले वाढवता येणार नाही. हरभरा निघेपर्यंत तशीच राहील. दुपारी मोटरी बंद झाल्या की प्रेस करत जा."

"अन्... इकडची?"

"इकडची फुल हाय." त्यानं माझ्याकडे बघितलं आणि लगेच पकडीकडे बघायला लागला. "मी तं बसमधूनच देऊन राह्यलो. तिकडूनच कमी येत होती."

मला हसू आवरेना आणि डोळेही पुसावे लागले. ओढणीचा खडू गालाला लागला, तो त्यानं बोटानं दाखवला, हात मात्र लावला नाही. मग वर्तमानपत्रात गुंडाळलेली प्रेस दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली.

मी ती घेतली. कानाशी धरून हलवली, बसमध्ये त्यानं हलवली होती तशी.

"बिघडली वाटते," मी म्हणाले.

"बिघडली? अव, नवी कोरी कॉइल हाय! आत्ता लावून दाखवतो, थेंब टाकला तं चुरचुर..."

"मी सांगते ना, बिघडली." प्रेस मी त्याच्या टेबलावर परत ठेवली आणि पर्स खांद्याला लावली.

त्याला कळायला जरा वेळ लागला. मग तो असा हसला, की मावशींनी तराजूच खाली ठेवला.

"मंग... कधी येता?"

"उद्या," मी म्हणाले, आणि चौकातून, सगळ्यांच्या देखत, ओढणी तोंडावर न घेता स्टँडकडे निघाले.